झाडाला झाडच का म्हणायचं? शब्द नावाच्या चिन्हाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषाविज्ञानाचा पहिला तास मी गेली बरीच वर्षं घेतो आहे. वर्ग बदलतो, प्रश्न तेच येतात. सेट-नेटची तयारी करणारी मुलं ते फोनवर विचारतात आणि दिवाळीच्या फराळाला जमलेले नातेवाईक जरा वेगळ्या सुरात विचारतात: "शब्दात एवढं शिकण्यासारखं काय असतं रे?" म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. क्रम साधारण वर्गातलाच आहे, पण मधूनच कुठूनही वाचलंत तरी अडणार नाही.

शब्द हे 'चिन्ह' आहे, म्हणजे नेमकं काय?

डिसेंबर चालू आहे, बाजारात आंब्याचं नाव नाही, आणि कुणीतरी म्हणतं, "हापूस." लगेच तो केशरी रंग आठवतो, वास आल्यासारखा वाटतो, पेटीचा भाव आठवून जरा त्रासही होतो. समोर आंबा नसताना एवढं सगळं घडलं, ते तीन अक्षरांच्या उच्चारामुळे. स्वतः एक असून दुसऱ्याच कशाची तरी आठवण करून देतं, ते चिन्ह.

शब्दाला दोन अंगं असतात. एक कानाला कळणारी ध्वनींची आकृती, दुसरी मनात उभी राहणारी कल्पना. पहिलीला चिन्हक म्हणतात, दुसरीला चिन्हित. दोन्ही मिळून चिन्ह होतं. कागदाची एक बाजू कापायला गेलं की दुसरी आपोआप कापली जाते, तसं या दोघांचं आहे. ही उपमा माझी नाही, सोस्यूर या भाषावैज्ञानिकाची आहे.

परीक्षेत इथे हमखास एक चूक होते. चिन्हित म्हणजे वस्तू, असं मुलं लिहून मोकळी होतात. चिन्हित म्हणजे कल्पना. 'हापूस' या शब्दाला देवगडच्या कुठल्याही झाडावरचा आंबा बांधलेला नाही. बांधलेला असता, तर 'भूत', 'उद्या' आणि 'नाही' हे शब्द कशाला बांधले असते? चिन्हकाचंही तसंच. ते म्हणजे हवेतली लहर नव्हे. घसा बसलेल्या काकांचा 'हापूस' आणि चार वर्षांच्या पोरीचा 'हापूस' यांच्या लहरी अगदी वेगळ्या असतात, तरी आपल्याला ऐकू येतो तो एकच शब्द. ओठ न हलवता मनात म्हटलात तरी तो आहेच.

हे सांगितलं कुणी?

फर्दिनां द सोस्यूर, जिनिव्हाचे. जन्म १८५७, मृत्यू १९१३. त्यांनी १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानावर तीन व्याख्यानमाला दिल्या, पण त्यावर पुस्तक लिहिलं नाही. ते गेल्यावर शार्ल बाय्यी आणि आल्बेर सेशये या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि १९१६ मध्ये पुस्तक काढलं. या दोघांनी ती व्याख्यानं स्वतः ऐकलेली नव्हती. विसाव्या शतकातल्या भाषाविचाराला वळण देणारं पुस्तक मुलांच्या वह्यांवर उभं आहे, हे मी दरवर्षी मागच्या बाकांकडे बघून सांगतो.

'यादृच्छिक' म्हणजे मनाला येईल तसं का?

'भाषा म्हणजे यादृच्छिक ध्वनिसंकेतांची व्यवस्था' ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. ब्लॉक आणि ट्रेगर या अमेरिकी भाषावैज्ञानिकांनी १९४२ मध्ये केलेल्या व्याख्येचा हा मराठी अवतार. पाठ असते खरी, पण 'यादृच्छिक'चा अर्थ विचारला की 'मनमानी' असं उत्तर येतं.

यादृच्छिक म्हणजे ध्वनी आणि अर्थ यांना जोडणारं नैसर्गिक कारण नाही. ज्याला आपण 'झाड' म्हणतो, त्याला इंग्रज 'ट्री' म्हणतो आणि कन्नड माणूस 'मर' म्हणतो. सीमाभागातल्या मुलाला हे दोन्ही ठाऊक असतं. एका भाषेत जो शब्द सावली देतो, तोच दुसऱ्या भाषेत ऐकला तर भांडण व्हावं. झाडाच्या अंगात 'झाड' असं काही नाही आणि 'मर' असंही नाही.

पण कारण नाही म्हणून मोकळीकही नाही. उद्या वाण्याकडे जाऊन मी "अर्धा किलो खिडकी द्या" म्हणालो, तर साखर मिळणार नाही. 'साखर' या आवाजात गोड काहीच नाही, तरी तो मला बदलता येत नाही. हा शब्द कुणी बसून ठरवलेला नाही आणि पाळावा मात्र सगळ्यांना लागतो. पुढचे बहुतेक प्रश्न या एका पेचातूनच निघतात.

मग सिग्नलचा लाल दिवा, धूर, फोटो, हीही चिन्हंच ना?

हो. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी केलेली वाटणी इथे उपयोगी पडते. फोटो मूळ वस्तूसारखा दिसतो, ते सदृश चिन्ह. धूर आगीमुळेच येतो, ते निर्देशक चिन्ह. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, डोंगरावरच्या या धुराला इतकं राबवलं आहे की त्याची वेगळी ओळख नको. लाल दिवा म्हणजे थांबा, हे मात्र ठरलेलं आहे, ते प्रतीक. शब्द बहुतांशी या तिसऱ्या खणातले. 'बहुतांशी' का, ते पुढच्या प्रश्नात.

'काव काव', 'खळखळ', 'भो भो' यांचं काय? तिथे तर ध्वनी आणि अर्थ जुळतातच!

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण हा वाद फार जुना आहे. प्राचीन काळच्या यास्काने 'निरुक्त' या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात कावळ्याचाच दाखला घेतला आहे. 'काक' हे त्याच्या आवाजाचं अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा दिसतं, असं यास्क म्हणतो. लगेच औपमन्यव या दुसऱ्या आचार्याचं विरोधी मतही नोंदवतो: अनुकरण वगैरे काही नसतं.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. कोंबडा जगभर एकसारखाच आरवतो. पण मराठी कानाला 'कुकूचकू' ऐकू येतं, फ्रेंच कानाला 'कोकोरिको', जर्मन कानाला 'किकेरिकी', जपानी कानाला 'कोकेकोक्को' आणि इंग्रज कानाला चक्क 'कॉक-अ-डूडल-डू'. अनुकरण सगळ्यांनी केलं, पण आपापल्या भाषेच्या साच्यात बसेल एवढंच.

शिवाय असे शब्द एकदा भाषेत शिरले की इतर शब्दांसारखेच वागू लागतात. 'किरकिर' मुळात आवाज आहे. आता मूल किरकिर करतं, साहेब किरकिऱ्या असतो आणि आवाजाचा काही संबंध उरत नाही.

आवाज आणि आकार यांच्यात मात्र काहीतरी नातं असावं. टोकदार आकृती आणि गोलसर आकृती दाखवून 'यातली किकी कुठली आणि बूबा कुठली?' असं विचारलं, तर बहुतेक सगळे टोकदार आकृतीला किकी म्हणतात. वोल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्ये वेगळे शब्द घेऊन असाच प्रयोग मांडला होता. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये तो अमेरिकी विद्यार्थी आणि तमिळभाषक यांच्या संदर्भात पुन्हा चर्चेत आणला. वर्गात फळ्यावर करून बघा, दोन मिनिटं लागतात.

आपल्या भाषेत याहून मजेशीर मुलूख आहे, तो रंगांचा. लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, निळाशार, काळाकुट्ट. 'कुट्ट' आणि 'शार' यांना एकटं पाडलं तर अर्थ सांगता येत नाही. रंगापाठी लागले की मात्र रंग गडद करतात, आणि तेही आपापल्याच. 'निळाशार' म्हणताना पाण्याची खोली कानाला जाणवते असं वाटतं ना? मग 'पिवळाशार' म्हणून बघा. जीभ अडते. अंधार काळाकुट्ट असतो पण केस काळेभोर. धोतर पांढरंशुभ्र, भ्यायलेला चेहरा पांढराफटक. 'तुझे केस किती काळेकुट्ट आहेत' असं कुणी कौतुकाने म्हणणार नाही. नाद जुळतो ही जाणीव खरी, पण कोणता नाद कुणाच्या शेजारी बसणार हे रूढीनेच ठरवलं आहे.

इंग्रजीत 'अंकल' एकच आणि आपल्याकडे काका, मामा. मग अर्थ आधी की शब्द आधी?

सोस्यूरचा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथे येतो. जगात अर्थांची तयार खोकी ठेवलेली नाहीत, की ज्यांवर प्रत्येक भाषा आपापली चिठ्ठी चिकटवते. खोक्यांच्या भिंतीच भाषा घालते. 'काका' या शब्दाला त्याचा आकार शेजारच्या 'मामा'मुळे मिळतो. 'अंकल'ला असा शेजारी नाही, म्हणून तो ऐसपैस पसरतो. याला शब्दाचं मूल्य म्हणतात.

आपण शहाणे आणि इंग्रज गबाळे, असा निष्कर्ष मात्र काढू नका. हिंदीत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही, म्हणून आपण हसतो. पण आपला 'परवा'? "परवा भेटलो होतो" आणि "परवा भेटू", दोन्हीकडे तोच. तिथे आपल्याला काही खटकत नाही. गोव्यात कोकणी माणूस उलटून गेलेल्या परव्याला 'पयर' म्हणतो आणि येणाऱ्याला 'परवां', तेव्हा हसायची पाळी त्याची.

मूल्य समजावताना सोस्यूरने मेंढीचा दाखला दिला होता. फ्रेंचमध्ये 'मुताँ' म्हणजे मेंढी आणि तिचं ताटातलं मांसही. इंग्रजीने तो शब्द उचलला, पण जिवंत जनावराला तिथे 'शीप' आधीपासून होता, म्हणून 'मटन' फक्त ताटापुरता राहिला. पुढची गोष्ट सोस्यूरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तोच शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, 'मटण' झाला आणि रविवारच्या रांगेत उभं राहून आपण बहुधा बोकडाचं आणतो. मेंढी वाटेतच कुठेतरी सुटली. आवाज जवळपास तोच, तीन भाषांत शेजारी वेगळे, म्हणून मूल्यं वेगळी.

ध्वनींनाही हेच लागू होतं. 'वेळ' आणि 'वेल', 'मूळ' आणि 'मूल' यांत फरक फक्त ळ-ल चा. ज्या भाषेत ही जोडी अर्थ बदलत नाही, तिथल्या माणसाला तो फरक ऐकूही येत नाही, आणि आपण त्याला नावं ठेवतो. लिपी तर कधी कधी साथच देत नाही. 'हे जग' आणि 'तू जग' यांतला 'ज' वेगवेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकच.

हिंदीतली 'शिक्षा' आणि मराठीतली 'शिक्षा', यात बरोबर कोण?

दोघंही. हिंदी पाटीवर 'शिक्षा विभाग' वाचून मराठी मुलं हसतात, आणि शाळेचा अनुभव लक्षात घेता त्यांचं फार चुकतं असंही नाही. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकवण, शिवाय उच्चारशास्त्र या वेदांगाचं नावही. मराठीत तो शब्द दंडाकडे सरकला, कन्नडातही 'शिक्षे' म्हणजे दंडच. चिन्हाला मूळ अर्थाकडे परतण्याची सक्ती करता येत नाही. 'संसार' आणि 'चेष्टा' यांचीही हीच गत: हिंदीत जग आणि प्रयत्न, आपल्याकडे घरप्रपंच आणि थट्टा.

'बहात्तर'ऐवजी 'सत्तर दोन' हे काय प्रकरण होतं?

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या 'वीस एक', 'सत्तर दोन' अशा वाचण्याची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं मुलांना जड जातात आणि शिवाय आपण ७२ लिहिताना सात आधी लिहितो पण बोलताना दोन आधी उच्चारतो, अशी कारणं दिली गेली. विधिमंडळापासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाद पेटला.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हा सोस्यूरच्या पुस्तकातलाच प्रश्न होता. सगळी चिन्हं सारखीच यादृच्छिक नसतात, असं त्याने म्हटलं आहे. फ्रेंचमधला विसाचा शब्द पूर्णपणे रूढ, पण एकोणिसाचा 'दहा-नऊ' असा फोड करून समजणारा. 'वीस' असाच का, याला उत्तर नाही. 'वीस एक' मात्र वीस आणि एक कळले की आपोआप कळतो. 'बहात्तर' मधे पडतो: 'सत्तर'ची सावली दिसते, पण 'बहा' म्हणजे दोन हे सात वर्षांच्या मुलाला कुणीतरी सांगावं लागतं. 'एकोणऐंशी'त 'एकाने उणे' हा हिशेब दडलेला आहे, तो माहीत असला तर सोपा. त्या नियमाने ९९ ला 'एकोणशंभर' म्हणायला हवं, पण आपण म्हणतो नव्व्याण्णव.

माझं मत विचाराल तर मुलाला समजावण्यापुरतं 'सत्तर दोन' फार चांगलं. पण चिन्हं एकटी राहत नाहीत. बहात्तर रोगांवर एकच औषध असतं. 'छत्तीसचा आकडा' तर ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात म्हणून आला. 'तीस सहाचा आकडा' म्हटलं तर भांडणच होणार नाही.

सरकारने किंवा एखाद्या मोठ्या माणसाने ठरवलं, तर शब्द बदलतो का?

कधी बदलतो, कधी नाही, आणि आधी सांगता येत नाही. महाराष्ट्राइतका या प्रयोगाचा अनुभव क्वचितच कुणाला असेल.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणं हे त्याचं काम. पदनामंही बदलली: पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. आज्ञा साक्षात छत्रपतींची. तरी पुढच्या शतकात शनिवारवाड्यावर बसले ते 'पेशवे'च, आणि मुजुमदार आडनाव आजही आहे. 'पंतप्रधान' मात्र टिकून आज दिल्लीतल्या पदाला लागला. हिंदी त्याच पदाला 'प्रधानमंत्री' म्हणते.

विसाव्या शतकात सावरकरांनी पुष्कळ शब्द घडवले. 'महापौर' असा बसला की 'मेयर' म्हटलेलं कानाला परकं वाटतं. 'दिनांक' अर्ध्यावर राहिला: अर्जावर दिनांक, तोंडात तारीख. "आज दिनांक काय?" असं घरात कुणी विचारलं तर तब्येत बरी आहे ना, असं वाटेल. दोन्ही शब्द एकाच माणसाचे, दोन्ही संस्कृत वळणाचे. एकाला शेजारी बळकट भेटला, दुसऱ्याला नाही, एवढंच माझं स्पष्टीकरण.

व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव १९९६ मध्ये बदललं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं. आता लोकलच्या एकाच डब्यात 'व्हीटी', 'सीएसटी' आणि 'सीएसएमटी' हे तिन्ही शब्द ऐकू येतात, आणि बोलणाऱ्याचं वयही त्यावरून साधारण कळतं. पर्स यांच्या भाषेत, इथे शब्द निर्देशक चिन्हाचंही काम करतो: स्टेशन दाखवतो आणि बोलणाराही. 'पाणी' आणि 'पानी' यांवरून माणसाला जोखणारे लोक नेमकं हेच करत असतात, फक्त कुत्सितपणे.

शब्द जर यादृच्छिक असेल, तर अशुभ शब्दाची भीती का वाटते?

माझ्या आजीच्या तोंडून स्वयंपाकघरात 'संपलं' हा शब्द मी कधी ऐकला नाही. तांदूळ संपले की ती म्हणायची, "तांदूळ वाढलेत." लहानपणी एकदा मी वाढलेले तांदूळ बघायला स्टुलावर चढून डबा उघडला. तळाशी चार दाणे होते आणि एक पोरकिडा.

'वाढणं' हा शब्द मराठीने अशा किती ठिकाणी उलटा करून वापरला आहे बघा. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. गावाकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात. ज्या रोगाने गावंच्या गावं ओस पाडली, त्याला आपण 'देवी' म्हणालो, तेही आदरार्थी अनेकवचनात: "देवी आल्या." १९८० मध्ये जगातून त्या रोगाचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. जुन्या माणसांच्या दंडावरचे व्रण अजून 'देवीचे' आहेत.

वर्गात मी यादृच्छिकता शिकवतो आणि घरी "येतो" म्हणून निघतो. यात विसंगती आहे का? फ्रेंच भाषावैज्ञानिक एमिल बांव्हनिस्त यांनी १९३९ मध्ये सोस्यूरला हाच टोला दिला होता. बाहेरून दोन भाषांची तुलना करणाऱ्याला ध्वनी आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक दिसतं. भाषेच्या आत राहणाऱ्याला ते अटळ वाटतं, कारण दोन्ही त्याच्या मनात एकत्रच रुजलेले असतात. आजी आतून बोलत होती.

आडपडद्याचा शब्दही फार दिवस स्वच्छ राहत नाही. 'परसाकडे' म्हणजे नुसतं घरामागे. तो मळला म्हणून 'संडास', मग 'शौचालय', मग 'टॉयलेट', आता 'वॉशरूम'. आणि 'मंगळसूत्र वाढवलं' या शब्दांत आता 'वाढ' कुणालाच ऐकू येत नाही.

आपल्याकडे तर शब्द आणि अर्थाचा संबंध नित्य मानला आहे. मग सोस्यूर चुकला का?

'आपल्याकडे' एकच मत कधीच नव्हतं. मीमांसकांच्या मते हा संबंध औत्पत्तिक, म्हणजे मुळातलाच, कुणी घडवलेला नाही. वेद अपौरुषेय ठरवायचे तर त्यांना तसं म्हणणं भागच होतं. नैयायिक आणि वैशेषिक म्हणाले, संकेताने ठरतो. पाणिनीच्या व्याकरणावर टिपणं लिहिणाऱ्या कात्यायनाच्या पहिल्याच वार्तिकात (टिपणात) 'सिद्धे शब्दार्थसंबन्धे', म्हणजे शब्द-अर्थाचा संबंध आधीच सिद्ध आहे, असं आहे. त्यावर पतंजली महाभाष्यात मोठी घरगुती गोष्ट सांगतो: घागर हवी असलेला माणूस कुंभाराकडे जाऊन म्हणतो, घागर घडव. शब्द हवा असलेला माणूस वैयाकरणाकडे जाऊन 'शब्द घडव, मला वापरायचे आहेत' असं म्हणत नाही. शब्द बोलणाऱ्याला तयारच मिळतात. व्यक्तीला चिन्ह बदलता येत नाही, हा सोस्यूरचा मुद्दा याहून फार लांब नाही.

त्याहून जवळ येतात ते बौद्ध. दिङ्नागाच्या अपोहवादाप्रमाणे 'गाय' हा शब्द गायीचं काही भरीव सांगत नाही, जे जे गाय नाही ते बाजूला सारतो. मूल्याची कल्पना मांडताना सोस्यूर जवळजवळ हेच म्हणतो: भाषेत फक्त भेद असतात.

मग त्याने इथूनच उचललं का? तो जिनिव्हात संस्कृत शिकवायचा आणि त्याचा प्रबंध संस्कृतातल्या सत्-षष्ठीवर, म्हणजे षष्ठी विभक्तीच्या एका खास वापरावर, होता, एवढं पक्कं. त्यावरून 'चोरी'पर्यंत जाणारी उडी व्हॉट्सॲपवर शोभते.

अभिधा, लक्षणा, व्यंजना यांचा इथे काय संबंध?

स्पर्धापरीक्षावाल्यांसाठी थोडक्यात. वर सगळी चर्चा मुख्यतः अभिधेची, म्हणजे शब्दाच्या सरळ, रूढ अर्थाची झाली. 'घरावरून हत्ती गेला' असं म्हटल्यावर कुणी कौलं मोजायला धावत नाही. 'वरून' म्हणजे 'जवळून' असं आपण घेतो, ती लक्षणा. "पाच वाजले" एवढंच कुणी कार्यालयात म्हणालं आणि सगळ्यांनी पिशव्या उचलल्या, तर ती व्यंजना.

पाव किलो पाव: इथे शब्द एक की दोन?

दोन. उच्चार एक झाला, चिन्हं दोन आहेत. वजनाचा 'पाव' संस्कृत 'पाद'पासून आला, चौथा भाग. खायचा पाव पोर्तुगीज 'पांव'पासून, गोव्यामार्गे. पायांनी तुडवून कणीक मळायचे म्हणून पाव, ही व्युत्पत्ती मला दर दोन वर्षांनी कुणीतरी छातीठोकपणे ऐकवतं. ती खोटी आहे, पण ती का सुचते हे बघण्यासारखं आहे: माणसाला बिनकारणाचं चिन्ह सहन होत नाही, मग तो कारण रचतो. पोर्तुगीजांचाच 'पगार' बघा. तिकडे 'पगार' हे क्रियापद, पैसे देणे. देणाऱ्याची क्रिया आपल्याकडे घेणाऱ्याची महिन्याची वस्तू झाली. बरोबर एक तारखेला. दिनांकाला नव्हे.

खुणांच्या भाषेतल्या खुणा हे 'शब्द' आहेत का?

आहेत. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी खुणांच्या भाषेची अंतर्गत रचना दाखवून दिली, आणि तेव्हापासून हा वाद तज्ज्ञांपुरता तरी मिटला आहे. भारतीय खुणांच्या भाषेत 'बाई'ची खूण नाकाच्या बाजूला बोट नेऊन करतात, चमकीची जागा दाखवून. खूण सदृश आहे, तरी ठरलेलीही आहे: चमकी न घालणाऱ्या बाईसाठी ती बदलत नाही.

शब्दकोशात नाही तो शब्द खरा का?

लोक वापरतात आणि लोकांना कळतो, तर खरा. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला तेव्हा लोक बोलत होते तेच त्याने नोंदवलं. त्याने नोंदवलेले कित्येक शब्द आज कुणी बोलत नाही, ते कोशात सुखरूप आहेत.

लहान मूल हे सगळं शिकतं कसं?

माझी भाची दीड वर्षाची असताना कुत्र्याला 'भूभू' म्हणायची. मग मांजरही भूभू, रस्त्यावरची गाय भूभू, आणि घराच्या गल्लीत येणाऱ्या शेळ्याही भूभू. आम्ही हसायचो, पण तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या भाषेत चार पायांच्या जगासाठी एकच खण होता, आणि त्याला शेजारी नव्हता. मग 'माऊ' आली. त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी गाय दारात आली, पोळी खाऊन हंबरली, आणि ही खिडकीतून ओरडली, "हम्मा!" त्या सकाळपासून भूभू आणखी आक्रसला. शेळ्या मात्र पुढे बरेच दिवस भूभूच होत्या.